'ॲट ऑल' : नकाराचा जोर इंग्रजीत नेमका कुठे बसतो?

मौलसरी (सिव्हिल लाइन्स, नागपूर)

सर्वांना नमस्कार. मी मराठी कागदपत्रांची इंग्रजी भाषांतरे करते. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे चालणाऱ्या प्रकरणांत मूळ कागद बहुधा मराठीत असतात. फेरफार, ग्रामपंचायतीचे ठराव, पंचनामे, साक्षीदारांचे जबाब असे बरेच काही त्यांत असते आणि न्यायालयाची भाषा इंग्रजी असल्यामुळे त्यांचे भाषांतर सोबत जोडावे लागते. या कागदांत नकाराला जोर देणारे शब्द पानोपानी भेटतात. नावे-गावे वगळून नमुन्यादाखल चार वाक्ये देते. "सदर व्यवहाराशी माझा काडीचाही संबंध नाही." "मला या गोष्टीची अजिबात कल्पना नव्हती." "रस्ता रुंद करण्याची मुळीच आवश्यकता नाही." "त्या दिवशी मी शेतात गेलोच नाही."

या चारही ठिकाणी सरसकट 'ॲट ऑल' लावून मोकळे होण्याची पद्धत आहे. ती सोयीची असली तरी माझे त्याने समाधान होत नाही. रस्त्याच्या वाक्याची दोन भाषांतरे सध्या माझ्यापुढे आहेत. पहिले असे : 'इट इज नॉट ॲट ऑल नेसेसरी टु वाइडन द रोड.' दुसरे असे : 'इट इज नॉट ॲब्सोल्यूटली नेसेसरी टु वाइडन द रोड.' सोबत काम करणाऱ्या एका सहकाऱ्याचे म्हणणे असे की, 'ॲब्सोल्यूटली' म्हणजे पूर्णपणे, त्यामुळे उलट दुसरे वाक्यच अधिक जोरकस ठरते. मला दुसरे वाक्य कच्चे वाटते, परंतु ते का कच्चे आहे हे मला नेमक्या शब्दांत मांडता येत नाही, आणि कारण सांगता आले नाही तर निव्वळ "कानाला बरे वाटत नाही" एवढ्यावर कोणी ऐकून घेणार नाही.

दुसरी शंका 'बिलकुल' या शब्दावरून सुचली. आपण नागपूरकर "बिलकुल नाही" असेही म्हणतो आणि "बिलकुल बरोबर" असेही म्हणतो. मग 'आय ॲग्री ॲट ऑल' हे वाक्य चुकीचे का? त्यात नकार नाही म्हणून ते चालत नसेल, असे मानले, तर 'इफ यू ॲग्री ॲट ऑल' मध्ये तरी नकार कुठे आहे? तरीही ते शुद्ध मानले जाते. शब्दकोश 'अजिबात, मुळीच' हे दोन अर्थ देऊन थांबतात, आणि माझी अडचण तिथूनच सुरू होते.

शेवटचे म्हणजे, कार्यालयीन पत्रांत 'इफ ॲट ऑल द वर्क इज स्टार्टेड' अशी रचना वारंवार दिसते. ती ठेवावी की बदलावी?

रामदासपेठकर

मौलसरीताई, तुम्हाला दुसरे वाक्य कच्चे वाटते ते योग्यच आहे, आणि त्याचे कारण सांगण्यासाठी इंग्रजीत जाण्याचीही गरज नाही. पुढील दोन मराठी वाक्ये शेजारी ठेवून पाहा. "नालीचे काम पूर्णपणे झालेले नाही." "नालीचे काम अजिबात झालेले नाही." पहिल्या वाक्यावर कंत्राटदार झालेल्या कामापुरते देयक मागू शकतो, कारण काम काही अंशी झाले आहे हे त्या वाक्यातच मान्य केलेले आहे. दुसऱ्या वाक्यावर त्याला एक पैसाही मागता येत नाही. 'पूर्णपणे' आणि 'अजिबात' हे दोन्ही शब्द जोराचेच आहेत, तरीही नकाराच्या कक्षेत आले की एक शब्द नकाराला सैल करतो आणि दुसरा त्याला आवळतो.

याचे कारण असे की, 'पूर्णपणे' हा शब्द मापाच्या वरच्या टोकाला बसतो. नकार त्याच्यावर पडला की तो फक्त ते वरचे टोक नाकारतो. खालचे सारे माप शाबूत राहते. 'अजिबात', 'जराही', 'तिळमात्र', 'काडीचाही' हे शब्द मापाच्या अगदी खालच्या टोकाला बसतात. जे किमान असू शकेल तेही नाकारले, की वरचे सगळे आपोआप नाकारले जाते. आपल्या भाषेत या शब्दांची घडणच हे उघड सांगते. सर्वांत लहान वस्तू घ्यायची, तिला 'ही' किंवा 'सुद्धा' जोडायचे आणि मग 'नाही' म्हणायचे. एकही नाही, थोडेसुद्धा नाही, यत्किंचितही नाही.

इंग्रजीतही हीच विभागणी आहे. 'ॲब्सोल्यूटली', 'कम्प्लीटली', 'एन्टायरली', 'ऑल्टुगेदर', 'फुल्ली', 'क्वाइट', 'व्हेरी' हे वरच्या टोकाचे शब्द आहेत. 'नॉट' नंतर आले की ते नकार मऊ करतात. म्हणून 'नॉट ॲब्सोल्यूटली नेसेसरी' याचा अर्थ "अगदी अत्यावश्यक आहे असे नाही" एवढाच होतो, आणि रस्ता रुंद करणे काही प्रमाणात आवश्यक आहे, असे समोरच्या पक्षाला त्यातून सहज म्हणता येईल. ठरावात ग्रामपंचायतीने तसे म्हटलेलेच नाही. खालच्या टोकाचे शब्द म्हणजे 'ॲट ऑल', 'इन द लीस्ट', 'इन द स्लाइटेस्ट', 'रिमोटली' इत्यादी. 'नॉट' नंतर आले की ते नकार पक्का करतात.

तुमचे जबाबातले वाक्य याहून नाजूक आहे. "मला या गोष्टीची अजिबात कल्पना नव्हती" याचे 'आय वॉज नॉट फुल्ली अवेअर' असे रूपांतर झाले, तर साक्षीदाराने अर्धवट कल्पना असल्याची कबुली दिली असा त्याचा अर्थ होईल. उलटतपासणीत एवढे एक क्रियाविशेषण पुरेसे ठरते. तिथे 'आय वॉज नॉट ॲट ऑल अवेअर' किंवा 'आय हॅड नो आयडिया ॲट ऑल' हेच लिहावे. जबाब औपचारिक भाषेत असेल तर मला यांपैकी पहिले अधिक पसंत आहे.

वरच्या टोकाच्या शब्दांची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ते 'नॉट' च्या आधी आले, म्हणजे नकाराच्या कक्षेबाहेर राहिले, तर ते नकारालाच बळ देतात. 'ॲब्सोल्यूटली नॉट' म्हणजे मुळीच नाही; 'ॲब्सोल्यूटली अननेसेसरी' म्हणजे सर्वस्वी अनावश्यक. 'आय रिअली डोन्ट नो' म्हणजे "मला खरोखरच माहीत नाही", तर 'आय डोन्ट रिअली नो' म्हणजे "मला तसे नीटसे माहीत नाही". शब्द तेच असून फक्त त्यांची जागा बदलली आहे. मराठीत क्रियापद आणि नकार दोन्ही वाक्याच्या शेवटी येत असल्यामुळे ही जागेची बाब आपल्याला चटकन जाणवत नाही; आपण अर्थाचा भार शब्दाच्या निवडीवर किंवा आघातावर टाकतो. इंग्रजीत तो भार क्रमावर असतो. भाषांतर करणाऱ्याने हा एक मुद्दा मनात घट्ट बसवला, तर नकाराच्या बहुतेक चुका टळतात, असे माझे प्रामाणिक मत आहे.

आता 'बिलकुल'. तुमचे निरीक्षण मोलाचे आहे. हा शब्द अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला आणि त्यातील 'कुल' म्हणजे सर्व, संपूर्ण. मूळ अर्थ 'सर्वस्वी' असा आहे. 'ॲट ऑल' मध्येही 'ऑल' म्हणजे सर्वच आहे, आणि मध्ययुगीन इंग्रजीत तो शब्दसमूह होकारार्थी वाक्यांत 'सर्व प्रकारे, पूर्णपणे' या अर्थाने वापरला जात असे. पुढे तो नकार, प्रश्न आणि जर-तर यांच्यापुरता उरला आणि त्याचा अर्थ 'सर्व प्रकारे' वरून 'कोणत्याही प्रकारे' असा सरकला. म्हणजे मुळात वरच्या टोकाला असलेला शब्द खालच्या टोकाला येऊन बसला. हिंदीत 'बिलकुल' दोन्हीकडे चालतो. मराठीच्या इतर मुलखात तो बहुतांशी नकारासोबतच ऐकू येतो. नागपूर १९५६ पर्यंत हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांच्या प्रांताची राजधानी होते, आणि आजही इथल्या बाजारात एकाच संभाषणात दोन्ही भाषा बोलल्या जातात, त्यामुळे आपल्या 'बिलकुल'ने होकारही सोडलेला नाही. 'ॲट ऑल'ने तो सोडला. म्हणून 'आय ॲग्री ॲट ऑल' चालत नाही. तिथे 'आय एन्टायरली ॲग्री' किंवा 'आय ॲग्री कम्प्लीटली' असे म्हणावे लागते.

व्याकरणप्रेमी (धरमपेठ)

वरील विवेचन मला मान्य आहे. मौलसरी यांच्या प्रश्नाचा एक भाग मात्र अजून शिल्लक आहे, आणि तोच मला सर्वांत रोचक वाटतो. 'इफ यू ॲग्री ॲट ऑल' मध्ये नकार नसूनही 'ॲट ऑल' का चालते?

इंग्रजीतील 'एनी', 'एव्हर', 'यट', 'ॲट ऑल' या शब्दांचा हा गट भाषाशास्त्रज्ञांनी बराच अभ्यासलेला आहे. एडवर्ड क्लिमा यांनी १९६४ मध्ये इंग्रजीतील नकारावर जो दीर्घ निबंध लिहिला, त्यात असे शब्द केवळ 'नॉट' सोबतच येत नाहीत, तर प्रश्न, 'इफ', 'हार्डली', 'फ्यू' यांसारख्या ठिकाणीही येतात, हे पद्धतशीरपणे मांडले. या सर्व ठिकाणांत समान काय, याचे एक सुंदर उत्तर विल्यम लॅडुसॉ यांनी १९७९ मधील आपल्या प्रबंधात दिले. ते मी आपल्याकडच्या उदाहरणाने सांगतो.

'फळ' हा मोठा वर्ग, 'संत्रे' हा त्यातला लहान वर्ग. "त्याने संत्रे खाल्ले" हे खरे असेल, तर "त्याने फळ खाल्ले" हेही खरे ठरते. म्हणजे साध्या होकारात आपण लहान वर्गाकडून मोठ्या वर्गाकडे जाऊ शकतो. नकारात दिशा उलटते. "त्याने फळ खाल्ले नाही" यावरून "त्याने संत्रे खाल्ले नाही" हे निघते. उलट दिशेने मात्र निघत नाही, कारण संत्रे न खाता त्याने केळे खाल्लेले असू शकते. आता 'जर' घ्या. "फळ खाल्लेस तर औषध घेऊ नकोस" असे वैद्यांनी सांगितले असेल, तर "संत्रे खाल्लेस तर औषध घेऊ नकोस" हे त्यात आलेच. इथे नकारार्थी शब्द 'तर'च्या पुढच्या भागात आहे. 'जर'चा भाग स्वतः होकारार्थी आहे, तरीही दिशा मोठ्याकडून लहानाकडे आहे. "फळ न खाता तो निघाला" यावरून "संत्रे न खाता तो निघाला" हे निघते. "फारच थोड्या लोकांनी फळ खाल्ले" यावरून "फारच थोड्या लोकांनी संत्रे खाल्ले" हेही निघते.

जिथे जिथे अनुमान मोठ्या वर्गाकडून लहान वर्गाकडे वाहते, तिथे तिथे 'ॲट ऑल' बसते. म्हणून 'विदाउट एनी हेल्प ॲट ऑल' शुद्ध, 'फ्यू पीपल केम ॲट ऑल' शुद्ध, 'इफ ही केम ॲट ऑल' शुद्ध, आणि 'मेनी पीपल केम ॲट ऑल' अशुद्ध. रामदासपेठकर यांनी सांगितलेल्या खालच्या टोकाशी हे नीट जुळते. किमान माप बोलून दाखवण्याला अर्थ तेव्हाच येतो, जेव्हा त्या किमान मापावरून बाकीच्या सर्व मापांविषयी काहीतरी ठरते. साध्या होकारात "किमान तरी खाल्ले" हे सर्वांत दुबळे विधान होते, त्यात जोर कसला?

सगळेच या एका सूत्रात बसते असे मात्र नाही, आणि ते सांगणे आवश्यक आहे. प्रश्नाला हे अनुमान सरळ लागू होत नाही, कारण प्रश्न खरा किंवा खोटा नसतो. तरीही 'डिड ही से एनीथिंग ॲट ऑल?' हे उत्तम इंग्रजी आहे. 'आय ॲम सरप्राइज्ड ही केम ॲट ऑल' यातही उघड नकार नाही; परंतु "तो येणार नाही असे वाटले होते" हा नकार त्या आश्चर्याच्या पोटात आहे. 'रिफ्यूज', 'डाउट', 'डिनाय' या क्रियापदांचेही तसेच. सूत्र हाती ठेवावे, परंतु ज्या ठिकाणी नकाराची छाया आहे ती ठिकाणे वाचनातून ओळखायला शिकावे, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो.

महालवासी

चर्चा फार चांगली चालली आहे. मला 'इफ ॲट ऑल' विषयी आणि शब्दकोशातील अर्थांविषयी लिहायचे आहे.

'ॲट ऑल' म्हणजे 'अजिबात' हे समीकरण एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. नकारात ते खरे आहे. 'जर'च्या वाक्यात मात्र 'अजिबात' मराठीत बसतच नाही. "तो अजिबात आला तर" असे कोणी म्हणणार नाही. तिथे आपण 'च' वापरतो. "तो आलाच तर त्याला हे द्या." 'इफ ही कम्स ॲट ऑल' याचे अचूक मराठी हेच आहे. कारण विचारणाऱ्या प्रश्नात आपण 'मुळात' किंवा पुन्हा 'च' वापरतो. "तू मुळात तिथे गेलासच कशाला?" म्हणजे 'व्हाय डिड यू गो देअर ॲट ऑल?' साध्या प्रश्नात 'काही तरी' किंवा 'थोडे तरी' येते. "त्याने काही तरी सांगितले का?" इंग्रजीतील एका शब्दसमूहासाठी मराठीने तीन-चार निरनिराळी साधने ठेवलेली आहेत, आणि उलट दिशेने भाषांतर करताना ही सर्व साधने 'ॲट ऑल'ची चाहूल देतात. तुमच्या चौथ्या वाक्यात, "त्या दिवशी मी शेतात गेलोच नाही" यात, जोर देणारा स्वतंत्र शब्द एकही नाही. सगळा जोर 'गेलोच' मधल्या 'च' वर आहे. घाईत भाषांतर करणारा तो हमखास गाळतो आणि 'आय डिड नॉट गो टु द फील्ड दॅट डे' एवढेच लिहितो. मूळ वाक्यात साक्षीदार जाण्याची घटनाच नाकारतो आहे. 'आय डिड नॉट गो टु द फील्ड ॲट ऑल दॅट डे' असे लिहिले तरच ते उतरते.

या वाक्यात 'ॲट ऑल'ची जागाही पाहून घ्यावी. आपल्याकडे 'आय डिड नॉट ॲट ऑल गो' अशी रचना पुष्कळदा ऐकू येते. मुख्य क्रियापदाच्या आधी 'ॲट ऑल' ठेवणे इंग्रजी कानाला खटकते. क्रियापदाला जोर द्यायचा असेल तर ते क्रियापद आणि त्याचे कर्म किंवा ठिकाण संपल्यावर ठेवावे. नामाला द्यायचा असेल तर नामाच्या लगेच नंतर, जसे 'नो रीझन ॲट ऑल'. विशेषणाच्या बाबतीत दोन्ही चालते, 'नॉट ॲट ऑल सॅटिसफॅक्टरी' आणि 'नॉट सॅटिसफॅक्टरी ॲट ऑल'.

'इफ ॲट ऑल द वर्क इज स्टार्टेड' ही भारतीय इंग्रजीतली रूढ रचना आहे. आपण 'इफ ॲट ऑल' हे एकच उभयान्वयी अव्यय असल्यासारखे वापरतो आणि त्याच्या मागे पूर्ण वाक्य जोडतो. आपल्या कार्यालयांत ती सर्वांना समजते, त्यामुळे पत्रव्यवहारात तिने काही बिघडते असे मी म्हणणार नाही. प्रमाण इंग्रजीत मात्र 'इफ ॲट ऑल' हे तीन शब्द लागून येतात ते मधले वाक्य गाळलेले असते तेव्हा, जसे 'द पंप वर्क्स रेअरली, इफ ॲट ऑल', म्हणजे पंप क्वचितच चालतो, चाललाच तर. पूर्ण वाक्य असेल तर 'इफ द वर्क इज स्टार्टेड ॲट ऑल' असेच लिहावे. न्यायालयात जाणाऱ्या भाषांतरात मी निःसंशय दुसरी रचना ठेवीन.

मौलसरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'पूर्णपणे झाले नाही' आणि 'अजिबात झाले नाही' हे उदाहरण सहकाऱ्यापुढे ठेवले आणि वाद तिथेच मिटला. संत्र्याची कसोटी मी आजच्या दोन मसुद्यांवर लावून पाहिली. ती 'विदाउट' आणि 'बिफोर' च्या वाक्यांत फार उपयोगी पडली.

आता दोन उपप्रश्न राहतात. त्या कसोटीनुसार होकारात 'ॲट ऑल' येऊ नये. परंतु 'यू मे कम ॲट एनी टाइम ॲट ऑल' आणि 'एनी कलर ॲट ऑल विल डू' ही वाक्ये चांगल्या लेखनात आढळतात. ती कशी? आणि "काडीचाही संबंध नाही" या वाक्यात 'ॲट ऑल' ऐवजी 'व्हॉट्सोएव्हर' वापरले तर ते अधिक काटेकोर होईल का?

व्याकरणप्रेमी (धरमपेठ)

पहिला उपप्रश्न नेमका मर्मावर बोट ठेवणारा आहे. या वाक्यांत 'ॲट ऑल' क्रियापदाला नव्हे, तर 'एनी' ला चिकटलेले आहे. 'एनी कलर' म्हणजे 'कोणताही रंग', आणि त्याच्यामागे 'ॲट ऑल' आले की "अगदी कोणताही, एकही अपवाद न करता" असा अर्थ होतो. इथे जोर नकाराचा नसून निवडीच्या मोकळेपणाचा आहे. अनुमानाची दिशाही पाहा. "कोणतेही फळ चालेल" यावरून "कोणतेही संत्रे चालेल" हे निघतेच, त्यामुळे वाक्य दिसायला होकारार्थी असले तरी कसोटी मोडत नाही. 'एनी' काढून 'अ कलर ॲट ऑल विल डू' म्हणून पाहा, वाक्य तत्काळ कोसळते. मराठीतही 'कोणताही' मधला 'ही' आणि 'जराही' मधला 'ही' एकच आहे, हे या ठिकाणी आठवावे.

रामदासपेठकर

'व्हॉट्सोएव्हर' विषयी. कायद्याच्या भाषेत तो शब्द रुळलेला आहे आणि तुमच्या वाक्यात तो शोभेल. 'आय हॅव नो कनेक्शन व्हॉट्सोएव्हर विथ द सेड ट्रान्झॅक्शन.' त्याची अट अशी की, तो नामाच्या मागे येतो आणि त्या नामाआधी 'नो' किंवा 'एनी' असावे लागते. 'नो डाउट व्हॉट्सोएव्हर', 'विदाउट एनी नोटिस व्हॉट्सोएव्हर', तसेच नुसते 'नन व्हॉट्सोएव्हर' हेही चालते. क्रियापदाला तो लावू नये. 'आय डू नॉट नो हिम व्हॉट्सोएव्हर' असे काळजीपूर्वक लिहिणारा लिहीत नाही, तिथे 'ॲट ऑल' च योग्य. जोराच्या दृष्टीने दोहोंत फारसा फरक नाही. 'व्हॉट्सोएव्हर' ला दस्तऐवजाचा पोशाखी सूर आहे, म्हणून साध्या शेतकऱ्याच्या जबाबात तो जपून वापरावा. मूळ मराठी वाक्य बोलीच्या अंगाने जाणारे असेल आणि भाषांतर मात्र करारनाम्यासारखे वाटले, तर साक्षीदाराचा आवाज हरवतो.

मराठीत जोराचे शब्द ठरावीक नामांशी जोडीने येतात, तसेच इंग्रजीतही होते, हे विसरू नये. 'सुतराम' बहुधा संबंध आणि शक्यता यांच्यासोबत, 'तिळमात्र' शंकेसोबत, 'कदापि' निश्चयासोबत. "हे मला कदापि मान्य होणार नाही" याला 'ॲट ऑल' लावणे दुबळे ठरेल. तिथे 'अंडर नो सर्कमस्टन्सेस' किंवा 'ऑन नो अकाउंट' हवे, आणि ते वाक्यारंभी आले तर मागोमाग सहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी घ्यावे लागते : 'अंडर नो सर्कमस्टन्सेस शॅल आय ॲक्सेप्ट धिस.'

वाचनवेळ (प्रतापनगर)

एक छोटी भर. 'हार्डली', 'स्केअर्सली', 'बेअर्ली' हे शब्द स्वतःच जवळजवळ नकारार्थी आहेत, म्हणून त्यांच्यासोबत 'नॉट' लिहू नये. 'ही कॅन हार्डली वॉक' म्हणजे "त्याला जेमतेम चालता येते". मात्र त्यांच्यासोबत 'ॲट ऑल' खुशाल येते : 'ही हार्डली स्पोक ॲट ऑल.' आणि 'हार्डली'चा 'हार्ड'शी अर्थाचा संबंध आज उरलेला नाही. "तो कष्टाने काम करतो" याचे 'ही वर्क्स हार्डली' असे भाषांतर केले, तर तो जवळजवळ काम करतच नाही असा त्याचा अर्थ होतो.

तसेच 'डू यू माइंड इफ आय सिट हिअर?' या प्रश्नाला 'नॉट ॲट ऑल' हे उत्तर मिळाले तर ती परवानगी समजावी. 'माइंड' म्हणजे हरकत असणे, आणि नाकारली जाते ती हरकत. जबाबात असे संवाद शब्दशः नोंदवलेले असतील, तर मराठीत "मुळीच नाही" एवढेच न लिहिता "माझी मुळीच हरकत नाही" असे लिहावे.

मौलसरी

चारही वाक्ये आता अशी ठेवते आहे. काही सुचवायचे असल्यास अवश्य सांगावे.

'आय हॅव नो कनेक्शन व्हॉट्सोएव्हर विथ द सेड ट्रान्झॅक्शन.'
'आय वॉज नॉट ॲट ऑल अवेअर ऑफ धिस.'
'इट इज नॉट ॲट ऑल नेसेसरी टु वाइडन द रोड.'
'आय डिड नॉट गो टु द फील्ड ॲट ऑल दॅट डे.'

महालवासी

ताई, पहिली तीन जशीच्या तशी ठेवावीत. चौथ्यात 'दॅट डे' वाक्याच्या आरंभी घेतले, तर 'ॲट ऑल' अगदी शेवटी येईल आणि 'गेलोच नाही' मधला 'च' पुरता उतरेल : 'दॅट डे आय डिड नॉट गो टु द फील्ड ॲट ऑल.'